सहाव्या वर्षी आलेली दाढ

रूट कॅनालसाठी, म्हणजे दाताच्या आतली खराब नस काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरण्यासाठी, खुर्चीत सगळ्यात जास्त वेळा येते ती खालची पहिली कायमची दाढ. केसपेपरवर आम्ही तिला ३६ किंवा ४६ लिहितो. पहिला आकडा तोंडाचा कोणता पाव भाग ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. छत्तीस म्हणजे खाली डावीकडे सहावी, सेहेचाळीस म्हणजे खाली उजवीकडे सहावी. आपल्या कोणत्या दातावर काम झालं, हे या नंबरासह घरच्या फाइलीत लिहून ठेवावं. पाच वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला त्या एका आकड्याचा फार उपयोग होतो.

हीच दाढ का, याचं उत्तर तिच्या येण्यातच आहे. ती साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या सगळ्या दातांच्या मागे येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही. घरात सगळ्यांचं लक्ष पुढच्या हलणाऱ्या दाताकडे असतं आणि मागे गुपचूप एक कायमची दाढ उगवते. आई-बाबांना वाटतं, दुधाचीच असेल, पडेल की. ती पडत नाही. तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल असतात, मागचा अर्धा भाग काही महिने हिरडीच्या पदराखाली असतो, आणि ती शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा खाली असल्यामुळे ब्रश तिच्या वरून निघून जातो. दहाव्या वर्षी खाच काळी, पंधराव्या वर्षी खड्डा, तिशीत रात्रीचा ठणका. पुढे लिहिलंय ते या ठणक्यापासून कॅपपर्यंतचं काम, आम्ही ते जसं करतो त्या क्रमाने.

आधी चार प्रश्न. थंड लागतं की गरम? कळ आली की किती वेळ राहते? झोपमोड होते का? दुखणाऱ्या दातावर बोट ठेवता येतं का? थंड पाण्याने सणक येऊन दोन-चार सेकंदांत थांबत असेल, तर आतली नस अजून शाबूत आहे आणि बहुतेक वेळा कीड काढून सिमेंट भरल्यावर काम भागतं. गरम चहाने कळ उठली आणि कप खाली ठेवून पाच मिनिटं झाली तरी ती राहिली, आडवं झालं की वाढली, कान आणि कानशील धरलं, वरची दाढ की खालची हेही सांगता येईना, तर नस परत बरी होण्याच्या पलीकडे गेली आहे. आडवं झाल्यावर वाढण्याचं कारण साधं आहे. डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या आतल्या कठीण खोलीत सुजायला जागाच नसते. बोटाला सूज आली तर कातडी ताणते. दाताच्या भिंती ताणत नाहीत.

यापुढचा टप्पा लोकांना फसवतो. एक दिवस ठणका आपोआप थांबतो. फोन येतो, "डॉक्टर, थांबलं, आता नाही येत." थांबलं, कारण नस मेली. आता तिथे जंतूंना अडवणारं काही उरलेलं नाही. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी चावताना दुखतं, दात उंच झाल्यासारखा वाटतो, हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. पुटकुळी फुटत असताना फारसं दुखत नाही, म्हणून तीही वर्षभर अंगावर काढली जाते.

तपासणीत आधी चांगल्या दाताला थंड लावतो, मग संशयित दाताला. म्हणजे "लागतंय" याचा अर्थ पेशंटला नेमका कळतो. आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहतो. हिरडीत खोली मोजायची काडी दाताभोवती सहा ठिकाणी घालतो. एकाच ठिकाणी काडी खोल गेली तर दात उभा तडकल्याचा संशय येतो. मग एक्स-रे. दातांच्या छोट्या एक्स-रेचा डोस साधारण एका दिवसात निसर्गातून मिळणाऱ्या किरणांएवढा असतो, त्याला घाबरून नको म्हणू नये. गर्भवतीने मात्र आधी सांगावं. एक्स-रेत कीड काळी दिसते, पण दिसते त्यापेक्षा ती आत नेहमी मोठी निघते. मुळाच्या टोकाशी काळी सावली असेल, तर तिथलं हाड विरघळलेलं आहे.

आता अँटिबायोटिक. मेडिकलमधून अमॉक्सिसिलिनची पट्टी घेऊन चार दिवस काढायचे, ही सवय आमच्या कामातली सगळ्यात मोठी अडचण आहे. नस सुजून ठणकत असेल तर अँटिबायोटिकने ते दुखणं थांबत नाही. नस मेली असेल तर तिथे रक्त पोचत नाही आणि रक्ताबरोबर जाणारं औषधही पोचत नाही. गोळी केव्हा लागते? गालावर सूज पसरत असेल, ताप असेल, जबड्याखाली गाठी आल्या असतील तेव्हा. आणि तेव्हाही दात उघडून पू काढण्याच्या जोडीला. जिभेखालचा भाग सुजून जीभ वर उचलली गेली, गिळता येईना, तोंड दोन बोटंही उघडेना, श्वास जड झाला किंवा सूज डोळ्यापर्यंत चढली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं.

दवाखान्यात पोचेपर्यंत वेदना कमी करायला जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र घेतलं तर मोठ्या माणसाला बरा आराम पडतो. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आयब्युप्रोफेन नको. ॲस्पिरिनची गोळी दाताशेजारी दाबून ठेवू नये, हिरडी पांढरी पडून भाजते. लवंगेचं तेल उपयोगी आहे, पण कापसाच्या बारीक बोळ्यावर एकच थेंब, आणि तो बोळा खड्ड्यात. हिरडीला लागलं की तीही भाजते. सुजलेल्या गालाला बाहेरून शेक देऊ नये. थंड कपडा धरावा. आणि गावोगावी अजून धुरी देऊन दाढेतले किडे काढून दाखवतात. दाढेत किडा नसतो. जंतू असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

कामाच्या दिवशी पोटभर जेवून यावं. उपाशीपोटी चक्कर येते आणि नंतर दोन-तीन तास ओठ-जीभ बधिर असल्याने नीट खाता येत नाही. बीपीची, शुगरची गोळी रोजच्यासारखी घ्यायची. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. तिच्यामुळे रूट कॅनाल अडत नाही, पण ती बंद केल्यामुळे जिवावर बेतू शकतं. हृदयाची झडप बदललेली असेल तर आधी सांगा, कामाच्या तासभर आधी एक अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. औषधांची यादी तोंडी सांगण्याऐवजी गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून आणावीत.

भुलेचं इंजेक्शन म्हणजे २ टक्के लिग्नोकेन, त्यात थोडं ॲड्रेनालिन. आधी हिरडीवर भूल देणारं जेल लावून मिनिटभर थांबतो. सुई टोचण्यापेक्षा औषध घाईने आत सोडल्यामुळे जास्त दुखतं, म्हणून दोन मिली औषधाला एक ते दोन मिनिटं घेतो. कधी छाती मिनिटभर धडधडते. ती ॲड्रेनालिनची धडधड आहे, ॲलर्जी नाही, आणि ती लगेच ओसरते. तीन-पाच मिनिटांत अर्धा खालचा ओठ आणि जिभेची कड जड होते. इथे बरेच जण समजतात की झालं. पण ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं नाही. ठणकणारी खालची दाढ भुलेला सगळ्यात चिवट असते. म्हणून दहा मिनिटं थांबून पुन्हा थंड लावून पाहतो. लागलं तर गालाच्या बाजूने आर्टिकेन या दुसऱ्या भुलेचं किंवा दात आणि हाडाच्या फटीत आणखी एक इंजेक्शन देतो. डावा हात वर केला की आम्ही थांबणार, हे आधीच ठरवून घेतो. "जरा सहन करा" असं म्हणायची वेळ आली तर भूल पुरती चढलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग रबर डॅम. सहा इंची चौकोनी रबराचा पातळ पडदा, त्याला एक भोक, त्यातून फक्त ती एक दाढ बाहेर, आणि पडदा धरून ठेवायला दाढेच्या गळ्याला एक छोटी धातूची पकड. हे १८६४ साली अमेरिकेतले दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी वापरात आणलं, आणि आजही रूट कॅनालला याला पर्याय नाही. थुंकीतले जंतू आत जात नाहीत, आतलं जळजळीत औषध घशात जात नाही, आणि हातातून निसटलेली फाइल, म्हणजे नळी घासायची बारीक सुई, पोटात किंवा श्वासनलिकेत जात नाही. नाक चोंदलेलं असेल तर सुरुवातीलाच सांगावं. डॉक्टर निवडताना एकच प्रश्न विचारायचा असेल तर "रबर डॅम लावता का?" हा विचारावा.

सगळ्यात आधी कीड पूर्ण काढायची, मग नसेच्या खोलीकडे जायचं. घाई करणारे उलट करतात आणि उरलेल्या किडीतले जंतू स्वतःच्या हाताने आत ढकलतात. कीड काढल्यावर खरा हिशेब समोर येतो. हिरडीच्या वर चारही बाजूंना दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दात उरला आहे का? कॅप त्या पट्टीला धरून उभी राहते. तेवढं नसेल, किंवा तडा मुळात उतरला असेल, तर दाढ काढावी लागेल हे तिथेच सांगितलं पाहिजे. सगळं काम आणि खर्च झाल्यावर नाही.

दाढेचं छत उघडताना एअरोटर (आमचं वेगवान ड्रिल) पाण्याच्या फवाऱ्यासह मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरतो. आत खोली लागली की तो किंचित आत पडल्यासारखा होतो, ते बोटांना कळतं. जिवंत नस असेल तर रक्त येतं, मेलेली असेल तर वास. खोलीची जमीन भिंतींपेक्षा गडद रंगाची असते आणि तिच्यावरच्या बारीक रेषा नळ्यांच्या तोंडांपर्यंत नेतात. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या, दोन पुढच्या मुळात आणि एक मागच्या. पण बऱ्याच दाढांत मागेही दोन निघतात. वरच्या पहिल्या दाढेत गालाकडच्या पुढच्या मुळात दुसरी नळी निम्म्याहून अधिक वेळा असते, आणि ती सापडली नाही म्हणून केलेलं रूट कॅनाल दोन वर्षांनी पुन्हा उघडावं लागतं. भिंग किंवा मायक्रोस्कोप वापरणाऱ्या डॉक्टरकडे जाण्याचं हेच कारण.

नळीत पहिली फाइल जाते ती दहा नंबरची. म्हणजे टोकाला ०.१० मिलिमीटर. ओठाला एक आकडा अडकवून, फाइलला तार जोडून एपेक्स लोकेटर नळीची लांबी मोजतो. दाढेच्या शिखरापासून मुळाच्या टोकापर्यंत साधारण वीस-एकवीस मिलिमीटर भरतात. काम टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबवायचं. त्याहून अलीकडे थांबलं तर जंतू राहतात, पलीकडे गेलं तर हाडाला इजा होते आणि दोन दिवस चावताना दुखतं. फाइल घालून एकदा एक्स-रेवर खात्री करतो.

मग मशीनवरच्या निकेल-टायटॅनियमच्या फाइली, मिनिटाला सुमारे तीनशे फेरे. एअरोटरच्या मानाने हा वेग अगदी संथ. या फाइली वाकड्या नळीत वाकून पुढे जातात, पण प्रत्येक फेरीगणिक थकतात, आणि कधी वळणावर तुटतात. तुटली तर पेशंटला त्याच दिवशी सांगायचं आणि कागदावर लिहायचं. नळी साफ झाल्यावर शेवटी तुटली असेल तर तो तुकडा आत राहूनही दात वर्षानुवर्षं टिकतो. सुरुवातीलाच तुटली तर त्याच्या पलीकडची घाण अडकते आणि मग विशेषज्ञाकडे पाठवावं लागतं.

फाइल नळी साफ करते, हा समज अर्धवट आहे. नळ्या गोल नसतात, त्यांना फाटे असतात, बाजूला पंखासारख्या फटी असतात, आणि फाइलचा स्पर्श भिंतीच्या काही भागालाच होतो. फाइल रस्ता मोठा करते, साफ करतं ते औषध: ३ टक्क्यांच्या आसपासचं सोडियम हायपोक्लोराइट. घरात कपडे पांढरे करायला वापरतात तेच रसायन. ते नसेचे अवशेष विरघळवतं आणि जंतू मारतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. दर फाइलनंतर ताजं औषध, एकूण अर्धा तास तरी संपर्क. सुई बाजूला भोक असलेली, टोकापासून दोन मिलिमीटर अलीकडे, नळीत घट्ट न अडकवता, हलक्या हाताने. दाबून सोडलं आणि टोकाबाहेर गेलं तर त्या क्षणी असह्य कळ येते आणि गाल पाहता पाहता सुजतो. शेवटी १७ टक्के ईडीटीए मिनिटभर, भिंतीवर लिंपलेला भुसा निघायला. पंधरा मिनिटांत संपलेल्या दाढेच्या रूट कॅनालबद्दल आम्हाला शंका येते ती यामुळे.

एका बैठकीत की दोन-तीन? नस जिवंत होती, नळ्या कोरड्या झाल्या, तर एका बैठकीत तास-दीड तासात काम होतं आणि ते चांगलं होतं. पू येत असेल तर नळ्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पांढरी पेस्ट भरून एक-दोन आठवडे ठेवतो. बैठका किती, यावरून कामाचा दर्जा ठरत नाही.

मधल्या काळात वर कच्चं सिमेंट असतं. ते किमान साडेतीन-चार मिलिमीटर जाड हवं. त्याचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. त्यानंतर कडेने थुंकी झिरपू लागते. बहुतेक रूट कॅनाल इथे बिघडतात. दुखणं थांबलेलं असतं, मध्ये लग्नसराई येते, मुलांच्या परीक्षा येतात, आणि पेशंट चार महिन्यांनी येतो तेव्हा नळ्यांत पुन्हा तेवढेच जंतू. किंवा शेंगदाण्याची चिक्की, भाजके चणे, भाकरीचा कडक पापुद्रा त्या बाजूने चावला आणि पोकळ दाढ उभी चिरली. उभी चिरलेली दाढ वाचत नाही.

बैठकीनंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं अपेक्षित आहे. दोन्ही दातओळी मिटल्यावर तीच दाढ आधी टेकत असेल तर फोन करून या, उंच भाग घासायला पाच मिनिटं लागतात आणि निम्मं दुखणं तिथेच जातं. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं किंवा सूज आली, तर वाट पाहू नये. लहान मुलाला भूल दिली असेल तर भूल उतरेपर्यंत त्याच्याकडे लक्ष ठेवा. गंमत वाटून ओठ चावतात आणि संध्याकाळी ओठ सुजून येतो.

नळ्या भरतात त्या गटापर्चाने. मलाया भागातल्या झाडाचा हा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांवर आवरण म्हणून हाच वापरला गेला, कारण पाण्याचा आणि खारेपणाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. दातालाही तेच हवं आहे. त्याच्या बारीक गुलाबी शलाका नळीच्या मापाने निवडतो, ओढल्यावर किंचित अडली पाहिजे, मग सीलर लावून भरतो. शेवटचा एक्स-रे पेशंटने मागून पाहावा आणि फोनमध्ये त्याचा फोटो ठेवावा. पांढऱ्या रेषा मुळाच्या टोकापासून दोन मिलिमीटरच्या आत संपलेल्या, मध्ये काळे खंड नसलेल्या दिसायला हव्यात.

यानंतर "कॅप नको, नुसतं सिमेंट भरा" हे वाक्य हमखास येतं. खर्चाचं कारण खरं असतं, त्यामुळे आम्ही ते बाजूला सारत नाही. पण दाढेचं छत गेलेलं असतं, किडीने एक-दोन भिंतीही गेलेल्या असतात, आणि उरलेल्या शिखरांवर रोजचा दाब अडकित्त्यातल्या सुपारीसारखा येतो. ती शिखरं बांधून धरायला कॅप लागते. पुढच्या दाताला भोक लहान असेल तर कॅपशिवाय भागतं. दाढेला सहसा नाही. साधारण महिन्याभरात बसवावी. पैशांची अडचण असेल तर पूर्ण धातूची कॅप घ्या. दिसायला चंदेरी, पण तिच्यासाठी दात सगळ्यात कमी घासावा लागतो आणि मागच्या दाढेवर ती उत्तम टिकते. आतून धातू आणि वरून सिरॅमिक असलेल्या कॅपसाठी वरून दीड ते दोन मिलिमीटर घासावं लागतं आणि कधी सिरॅमिकचा टवका उडतो. झिर्कोनियाला दीड मिलिमीटरपर्यंत पुरतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं आणि मुंबईतलं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय इथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हेच काम खूप कमी पैशांत करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण पायऱ्या गाळल्या जात नाहीत.

कॅपचा रंग दिवसाच्या उजेडात आणि दात घासण्याआधी ठरवावा. कोरडा झालेला दात खरा आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. कॅप आली की चिकटवण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या. दोन्ही बाजूंनी फ्लॉस टक् करून आत गेला पाहिजे. सहज सरकला तर तिथे रोज अन्न अडकणार. रंगीत कागद चावल्यावर कॅपवर एकच गडद ठिपका दिसत असेल तर ती उंच आहे. आणि कडेवरून काडी फिरवली तर पायरी लागता कामा नये. चिकटवल्यावर फटीतलं उरलेलं सिमेंट पूर्ण निघालं ना, हे विचारा. राहिलं तर महिन्याभरात हिरडी लाल होऊन रक्त येऊ लागतं. कॅपला कीड लागत नाही, पण कॅपच्या कडेखालच्या दाताला लागते, आणि नस नसल्यामुळे ती दुखतही नाही. त्या कडेवर रोज ब्रश फिरला पाहिजे.

दाढ काढूनच टाकली तर? मोकळ्या जागेत मागची दाढ कलते, वरची दाढ खाली उतरते, दोन-तीन वर्षांत चावण्याची सगळी रचना बिघडते. ब्रिज बसवायचा तर शेजारचे दोन निरोगी दात घासावे लागतात. इम्प्लांट चांगलं, पण टायटॅनियमचा खिळा हाडात रुजायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने जातात, आणि अनियंत्रित मधुमेहात व तंबाखू खाणाऱ्यांत ते फसण्याचा धोका वाढतो. स्वतःची दाढ वाचवता येत असेल तर आमचा कौल तिलाच.

घरातल्या आजींची हीच दाढ वेगळ्या वाटेने जाते. तिला कीड नसते, पण मिश्री आणि साचलेल्या कीटणाने हिरडी उतरते, दोन मुळांच्या मधली जागा उघडी पडते आणि दाढ हलते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात साफ होत नाहीत, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरात भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? "स्केलिंगने दात सैल होतात" हे आजी ठामपणे सांगतात. दात आधीच सैल असतात, कीटणाने ते एकमेकांना सांधलेले असतात. कीटण निघालं की खरी स्थिती कळते. काही दिवस थंड लागतं, मग हिरडी घट्ट होते.

मुलाच्या दाढेसाठी मात्र अजून वेळ असतो. दाढ पूर्ण वर आली की खाचांत सीलंट भरता येतं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. दाढ ब्रशने साफ करायची, फॉस्फोरिक ॲसिडचं जेल वीस-तीस सेकंद, पाण्याने धुवायचं, वाळवल्यावर खाचा खडूसारख्या पांढऱ्या दिसल्या पाहिजेत, मग पातळ रेझिन आणि वीस सेकंद निळा प्रकाश. वाळवल्यानंतर जिभेचा एक स्पर्श झाला तरी पुन्हा पहिल्यापासून, कारण थुंकी लागलेल्या जागी रेझिन धरत नाही. गळालेली सीलंटं बहुतेक इथेच चुकलेली असतात. दाढ अर्धी हिरडीखाली असेल तर तोवर दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश. ब्रश मात्र त्या दाढेवर आडवा, गालाकडून आत घालून फिरवायचा, आणि आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी स्वतः करून द्यायचा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. थुंकायची, पण नंतर खळखळून चूळ भरायची नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे आधी पाणी तपासून मग डॉक्टरांशी बोलावं.

गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. प्रत्येक खाण्यानंतर तोंडातला सामू (आम्लता मोजायचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि थुंकी तो वर आणायला अर्धा-पाऊण तास घेते. जेवणाबरोबर दोन लाडू खाल्ले तर एकदाच. दिवसभर दर तासाला एक बिस्किट खाल्लं तर दातांवर सतत आम्ल. खारी, टोस्ट, बिस्किटं गोड वाटत नसली तरी त्यांचा लगदा त्याच खाचांत चिकटतो. रात्री झोपेत थुंकी आटते, म्हणून झोपण्यापूर्वीचा ब्रश चुकवायचा नाही.

कॅप बसल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढतो आणि जुन्या एक्स-रेशेजारी ठेवतो. मुळाशी सावली असेल तर ती आक्रसलेली दिसायला हवी. हाड सावकाश भरतं, कधी त्याला चार वर्षंही लागतात. दुखत नाही म्हणून हा एक्स-रे टाळू नये. आणि त्या दिवशी सोबत सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्यालाही दोन मिनिटं खुर्चीत बसवतो, तोंड मोठं उघडायला सांगतो, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे आरसा नेतो आणि आई-बाबांना खुर्चीशेजारी बोलावून तिथली दाढ दाखवतो.